सात मीटरांची खिंड

व्हिक्टोरिया सरोवरातून जिंजाजवळ बाहेर पडलेली नाईल नदी क्योगा सरोवर ओलांडते, पश्चिमेकडे वळते, करुमाच्या खडकांवरून आदळत येते आणि अल्बर्ट सरोवराला मिळण्यापूर्वी एका ठिकाणी अकस्मात अडते. तेथे खडकात जेमतेम सात मीटर रुंदीची फट आहे. जुन्या भुसार पेठेतील बोळ असतो तेवढी. या बोळातून सबंध नदी घुसते आणि सुमारे त्रेचाळीस मीटर खाली कोसळते. काठावर उभे राहणाऱ्याला आवाज प्रथम कानांना कळत नाही, तळपायांना कळतो. खडकच थरथरत असतो. तुषारांत सकाळ-संध्याकाळ इंद्रधनुष्य उमटते आणि भिजलेल्या खडकातील अभ्रक उन्हात चकाकतो. युगांडाच्या वायव्येला असलेल्या मर्चिसन फॉल्स राष्ट्रीय उद्यानाचे नाव याच धबधब्यावरून पडले आहे.

जळगावच्या एका ओसवाल कुटुंबातील पाच जण गेल्या हिवाळ्यात या खिंडीपाशी जाऊन आले. दादीजी, त्यांचा मुलगा आणि सून, वैशाखात लग्न ठरलेली नात आणि बारा वर्षांचा नातू. निमित्त घरगुतीच होते. दादीजींच्या दिराचा नातू कंपाल्यात लोखंडी सामानाचे दुकान चालवतो. तो कित्येक वर्षे बोलावत होता आणि नातीने सासरी जाण्यापूर्वी सर्वांनी मिळून एक प्रवास करावा, असे घरात ठरले.

मुंबईहून एंटेबेला २०२३ पासून थेट विमान सुरू झाले, त्यामुळे प्रवास पूर्वीइतका त्रासाचा राहिलेला नाही. मात्र पिवळ्या तापाची लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते आणि तिचा दाखला पारपत्राइतकाच जपावा लागतो. तो नसेल तर परतल्यावर भारतातच सहा दिवस विलगीकरणात काढण्याची वेळ येते. मलेरियाच्या गोळ्यांविषयी घरच्या डॉक्टरांना विचारावे. आणखी एक गोष्ट, जी प्रवासी कंपन्या सांगायला विसरतात: उद्यानात त्सेत्से माश्या आहेत आणि त्यांना गडद निळा व काळा रंग फार आवडतो. सुनेने हौसेने घेतलेला निळा सलवार कमीज पहिल्याच दिवशी पेटीच्या तळाशी गेला.

खाण्यापिण्याचा प्रश्न वाटतो तितका अवघड नाही. युगांडात कच्ची केळी वाफवून केलेला 'मटोके' हे रोजचे अन्न आहे. मक्याच्या पिठाचा घट्ट 'पोशो', राजमा आणि शेंगदाण्याचे कालवण कोणत्याही खाणावळीत मिळते. भारतीयांनी तेथे नेलेली चपाती आता युगांडाचीच झाली आहे, पण रस्त्यावर 'रोलेक्स' म्हणून जी गुंडाळलेली चपाती देतात तिच्या पोटात अंड्याची पोळी असते, हे ठाऊक असावे. नोव्हेंबरात गेल्यास बाजारात तळलेल्या टोळांच्या टोपल्या दिसतात; त्याची मनाची तयारी वेगळी. विषुववृत्त जवळ असल्याने सूर्य बाराही महिने सातच्या सुमारास मावळतो. निवासस्थानातील रात्रीचे जेवण साडेसातनंतर सुरू होते, परंतु आधी कळवले तर आचारी सहाला थाळी वाढतो. दादीजींचा चौविहार तिन्ही दिवस निर्विघ्न पार पडला.

कंपाल्याहून मसिंडीपर्यंतचा रस्ता दोनशे किलोमीटरहून थोडा अधिक आहे. वाटेत झिवा येथे गेंड्यांचे आश्रयस्थान लागते. युगांडातील रानटी गेंडे १९८३ पर्यंत शिकारीने पूर्ण संपले. आज दिसतात ते २००५ पासून बाहेरून आणून वाढवलेल्यांचे वंशज. मसिंडीनंतर बुडोंगोचे जंगल सुरू होते. महोगनीचे सरळसोट वृक्ष आणि त्यांवर चिंपांझींच्या आरोळ्या. नातवाला तेथून हलवणे कठीण झाले.

या भूमीचा इतिहास सुखाचा नाही. १८६४ साली सॅम्युअल बेकर आणि त्यांची पत्नी फ्लॉरेन्स तापाने फणफणत, होडीतून येथवर आले. त्यांनी धबधब्याला लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीचे अध्यक्ष रॉडरिक मर्चिसन यांचे नाव दिले. मर्चिसन यांनी तो कधी पाहिला नाही. ज्यांच्या राज्यात तो होता त्या बुन्योरोचे राजे कबालेगा पुढे इंग्रजांशी अनेक वर्षे लढले, १८९९ मध्ये पकडले गेले, सेशेल्स बेटांवर हद्दपार झाले आणि १९२३ मध्ये मायदेशी परतताना जिंजा येथे वारले. इदी अमीनच्या काळात धबधब्याला कबालेगांचे नाव दिले गेले आणि अमीन गेल्यावर ते पुन्हा पुसले गेले. विसाव्या शतकाच्या आरंभी निद्रारोगाची साथ आली तेव्हा सरकारने नदीकाठची गावे उठवली. माणसे गेली, जनावरे वाढली. १९२६ मध्ये तेथे शिकारीचे राखीव क्षेत्र झाले आणि १९५२ मध्ये राष्ट्रीय उद्यान. आज जे रान निर्मनुष्य आणि आदिम भासते, त्यातील बराच भाग कोणाच्या तरी शेताचा आणि चुलीचा होता. उद्यानाच्या प्रवेशशुल्कातील वीस टक्के रक्कम आसपासच्या वस्त्यांना देण्याचा कायदा आहे. ती भरपाई पुरेशी आहे असे मात्र कोणी म्हणू नये.

पारा या ठिकाणी नाईल ओलांडून उत्तर तीरावर गेले की देखावा बदलतो. गवताळ माळ, त्यावर कोकणाची आठवण देणारे ताडवृक्ष आणि ताडांच्या मधून चालणारे जिराफ. सकाळच्या पहिल्या प्रहरात कॉब जातीची हरणे शेकड्यांनी दिसतात. त्या दिवशी एका टेकाडावर सिंहिणीने कॉब धरला. वाहनातील इतर प्रवाशांनी दुर्बिणी सरसावल्या. सुनेने तोंड फिरवले, नातवाने फिरवले नाही. दादीजी डोळे मिटून नवकार म्हणत होत्या. वाहनचालकाने त्यांच्याकडे आरशात पाहिले आणि काही न विचारता गाडी थोडी मागे घेतली. अशा प्रवासात हा प्रसंग येणार, हे निघण्यापूर्वीच घरातील वडीलधाऱ्यांशी बोलून ठेवलेले बरे.

दुपारी दोनला पाराहून नौका निघते आणि प्रवाहाविरुद्ध सतरा-अठरा किलोमीटर जात धबधब्याच्या पायथ्याशी पोहोचते. या दोन तासांसाठीच बहुतेक प्रवासी येतात. पाणघोड्यांचे कळप नाकपुड्या वर काढून नौकेकडे पाहतात. वाळूवर मगरी तोंडे उघडी टाकून पडलेल्या असतात. तो राग नसून अंगातील उष्णता कमी करण्याची रीत आहे. काठच्या मातीच्या दरडीत लाल बी-ईटर पक्ष्यांची बिळे. धबधबा जवळ आला की पाण्यावर पांढऱ्या फेसाचे तराफे वाहत येताना दिसतात. हा कडा माशांनाही चढता येत नाही. त्यामुळे नाईल पर्च हा मोठा शिकारी मासा युगे न् युगे खालच्या अंगालाच राहिला. १९५०च्या दशकात माणसाने तो उचलून वरच्या सरोवरांत सोडला. व्हिक्टोरिया सरोवरातील लहान माशांच्या शेकडो जाती त्यानंतर नाहीशा झाल्या आणि पर्चच्या मांसाची निर्यात मात्र मोठा धंदा झाली.

नौकेवर उद्यानाचा एक वनरक्षक होता, पन्नाशीचा, मितभाषी. डाव्या काठावर हत्तींचा कळप पाणी पिण्यास उतरला तेव्हा त्याने नौका थांबवायला लावली. कळपातील एक हत्तीण इतरांसारखी पाणी पीत नव्हती. ती गुडघे टेकून थेट तोंड पाण्याला लावत होती. तिची सोंड अर्धीच होती.

"फासा," वनरक्षक म्हणाला. ट्रकच्या जुन्या टायरमधून काढलेली तार गवतात गोल करून ठेवतात. ती ठेवणारा बहुधा भुकेला शेजारी असतो आणि त्याला हरिण हवे असते. पण तार कोणाला धरायचे ते निवडत नाही. सिंहाचा पाय, जिराफाचा घोटा, हत्तीची सोंड. रक्षक रोज गस्त घालून असे फासे उचलतात, आणि दुसऱ्या दिवशी नवे असतात.

दादीजींनी नातीकरवी विचारले, "हत्ती पूर्वी जास्त होते का?"

या प्रश्नाचे उत्तर लांब आहे. १९६०च्या दशकात या उद्यानात हत्ती दहा हजारांहून अधिक होते. इतके की भोवतालची शेती वाढत गेल्यावर कोंडले गेलेले कळप झाडांच्या साली सोलून जंगलाचे माळरान करू लागले. तेव्हा उद्यानाच्याच व्यवस्थापनाने शास्त्रज्ञांच्या सल्ल्याने सुमारे दोन हजार हत्ती आणि त्याहून अधिक पाणघोडे मारवले. रक्षण करण्यासाठी नेमलेल्यांनी केलेला हा वध योग्य होता की नाही, यावर प्राणिशास्त्रज्ञ आजही भांडतात. पण पुढे जे झाले त्यात शास्त्राचा संबंध नव्हता. अमीनच्या राजवटीत आणि १९७९च्या युद्धानंतर बंदुका जिकडेतिकडे झाल्या. सैनिकांनी, पळणाऱ्यांनी आणि पाठलाग करणाऱ्यांनीही हस्तिदंतासाठी हत्ती टिपले. नव्वदीच्या आरंभी उरले ते काही शेकडा. आज संख्या पुन्हा हजारावर गेली आहे.

"आणि दात? ते कुठे जात?"

वनरक्षक थोडा घुटमळला. मग म्हणाला, "फार पूर्वीपासून किनाऱ्याला. मोंबासा, झांझिबार. तिथून जहाजाने तुमच्या मुंबईला."

हे अक्षरशः खरे आहे. एकोणिसाव्या शतकात पूर्व आफ्रिकेचा हस्तिदंत झांझिबारहून मुंबईला येई. त्यातला काही पुढे लंडनला जाई, पण पुष्कळसा कच्छ-काठेवाडात आणि मारवाडात उतरे, कारण तेथील लग्नात नवरीच्या हाती हस्तिदंती चुडा लागे. मारवाडातील पाली गाव या बांगड्यांच्या कामासाठी नावाजलेले होते. कंपाल्यापर्यंत दुकानांची साखळी उभारणारे कच्छचे अलिदिना विश्राम यांच्यासारखे व्यापारी मीठ, कापड आणि मणी देऊन हस्तिदंत घेत. स्वाहिली भाषेत दुकानाला आजही 'दुका' म्हणतात. शब्द ज्या वाटेने आत गेला, त्याच वाटेने दात बाहेर आले.

दादीजींच्या जळगावच्या तिजोरीत असा एक चुडा आहे. त्यांच्या सासूबाईंचा, पालीचा, लाल रंग उतरून पिवळसर झालेला. नातीच्या लग्नात तो तिच्या हाती भरायचा, हे दहा वर्षांपूर्वीच ठरलेले आहे.

"आपण कधी हस्तिदंताचा धंदा केला नाही, बाई," मुलगा हलकेच म्हणाला. ते खरे होते. घरचा धंदा तीन पिढ्या धान्याचा आहे. दादीजी पन्नास वर्षे प्रतिक्रमण करतात. श्रावकाने न करावयाच्या पंधरा कर्मादानांत दंतवाणिज्य येते आणि ते नाव उच्चारताना त्यांच्या मनाला कधी काही बोचले नव्हते, कारण वाणिज्य दुसऱ्यांनी केले होते. त्या बराच वेळ त्या हत्तिणीकडे पाहत राहिल्या. "विकणारा घेणाऱ्यासाठीच आणतो ना रे," एवढेच त्या म्हणाल्या. नौका पुढे निघाली.

तिसऱ्या दिवशी सगळे धबधब्याच्या माथ्यावर गेले. पायथ्यापासून वर येणारी पाऊलवाट चढणीची आहे, परंतु माथ्यापर्यंत गाडीचा रस्ताही असल्याने वृद्धांची अडचण होत नाही. येथूनच थोड्या अंतरावर दुसरा, रुंद धबधबा दिसतो. १९६२च्या सुमारास आलेल्या महापुरात नदीने फोडलेली ती नवी वाट. त्याच वर्षी युगांडा स्वतंत्र झाला, म्हणून तिचे नाव उहुरू, म्हणजे स्वातंत्र्य. अमेरिकन लेखक अर्नेस्ट हेमिंग्वे यांचे विमान १९५४च्या जानेवारीत याच परिसरात पक्ष्यांचा थवा चुकवताना तारेला अडकून पडले. दुसऱ्या दिवशी सुटकेसाठी आलेले विमानही उड्डाण करताना पेटले आणि वृत्तपत्रांनी त्यांच्या निधनाच्या बातम्या छापल्या. त्या त्यांनी स्वतः वाचल्या.

उहुरूवर २०१९ मध्ये संकट आले होते. एका परदेशी कंपनीने तेथे ३६० मेगावॅटचे वीजकेंद्र उभारण्याची परवानगी मागितली. पर्यटनावर पोट असलेले लोक रस्त्यावर आले, मंत्र्यांनी प्रस्ताव फेटाळल्याचे सांगितले आणि काही महिन्यांनी दुसऱ्या मंत्र्यांनी अभ्यास करू देण्याचे ठरल्याचे सांगितले. पूर्वेच्या हद्दीला करुमा येथे मात्र ६०० मेगावॅटचे केंद्र उभे राहून चालूही झाले आहे. वीज नको असे युगांडातील खेड्यात जाऊन कोणी म्हणून पाहावे.

त्याहून मोठी गोष्ट तेलाची. अल्बर्ट सरोवराच्या खोऱ्यात २००६ मध्ये तेल सापडले आणि २०२३च्या जूनमध्ये फ्रेंच कंपनीच्या यंत्रांनी खुद्द उद्यानाच्या हद्दीत विहिरी खोदायला आरंभ केला. उद्यानात अशा विहिरींची दहा ठाणी आखली आहेत. तेथील तेल मेणासारखे घट्ट असल्याने ते तापवलेल्या नळातून सुमारे १४४० किलोमीटर दूर, टांझानियातील टांगा बंदरापर्यंत न्यायचे आहे. उद्यानातील गुळगुळीत डांबरी रस्ता आणि पाराचा नवा पूल यांच्यामागेही तेलच आहे. जिराफ सगळे एकाच तीरावर, तेलाच्या बाजूला राहू नयेत, या विचाराने २०१६ मध्ये १८ जिराफांना मालमोटारीत उभे करून तराफ्यावरून नाईलच्या दक्षिण तीरावर नेण्यात आले. डोळ्यांवर पट्ट्या बांधलेले जिराफ नदी ओलांडताना पाहणाऱ्यांना हसावे की रडावे ते कळले नसेल.

कंपाल्याचा पुतण्या हे सगळे माहीत असूनही गप्प होता. रात्री निवासस्थानाच्या ओसरीवर त्याने काकांना सांगितले की त्याच्या दुकानाला सर्वांत मोठी मागणी गेली दोन वर्षे याच तेलाच्या ठेकेदारांकडून येते. सळ्या, पत्रे, कुंपणाची जाळी. त्याचे सासरे १९७२ मध्ये नव्वद दिवसांच्या मुदतीत, एका पेटीनिशी हा देश सोडून गेले होते. तो स्वतः उमेदीने परत आला. बावीस स्थानिक माणसांचे पगार त्याच्या दुकानावर निघतात. ठेका नाकारला तर शेजारचा घेईल, हे तो दोनदा म्हणाला. काकांनी त्याला उपदेश केला नाही. जळगावात त्यांनीही कधी कोणत्या गिऱ्हाइकाला धान्य कशासाठी हवे, असे विचारलेले नव्हते. दोघे बराच वेळ माल, उधारी आणि शिलिंगच्या भावाविषयी बोलत बसले. अंधारात पाणघोडे निवासस्थानाच्या हिरवळीवर चरायला आले होते आणि त्यांच्या चावण्याचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता.

परतीच्या वाटेवर मसिंडीला गाडी थांबली तेव्हा दादीजींनी नातीला जवळ बसवून घेतले. चुडा तिच्या हाती भरायचा नाही, असे त्यांनी सांगितले. सून चमकली, व्याह्यांकडे तो ठरलेल्या वस्तूंत सांगून झाला होता. मुलगा म्हणाला की जुनी वस्तू आहे, तो हत्ती मरून शंभर वर्षे झाली, आता न घातल्याने त्याचे काय परत येणार? हा युक्तिवाद वजनदार आहे आणि त्याला दादीजींनी उत्तर दिले नाही. "मला दिसत राहील," त्या म्हणाल्या. "मांडवात सगळे तिचे हात बघतील आणि मला ती पाणी पिताना दिसेल."

"मग लाखेचा घालू का?" नातीने विचारले.

नातू मोबाईलवरून मान न उचलता म्हणाला, "लाखही त्याच यादीत आहे. लाक्षावाणिज्य. पाठशाळेत पाठ करून घेतलंय."

प्रथमच सगळे हसले, दादीजीही. मग काचेचा घ्यायचा, हिरवा, असे ठरले. मराठी मुलुखात इतकी वर्षे राहिल्यावर हिरव्या चुड्याला व्याही तरी काय हरकत घेणार, असे सून म्हणाली आणि तिने लगेच जळगावच्या कासाराचा क्रमांक शोधायला घेतला.

लग्न वैशाखात झाले. हस्तिदंती चुडा अजून तिजोरीतच आहे. तो कायद्याने विकता येत नाही, घालायचा नाही असे ठरले आहे, आणि त्याचे पुढे काय करायचे याविषयी घरात तीन मते आहेत.